बेचाळीस पानांची बुद्धिमत्ता

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात माझ्या थोरल्या भावाच्या सोसायटीच्या सभागृहात मुलांसाठी एक ‘बुद्धिमत्ता शिबिर’ भरले होते. ते भरवणाऱ्या संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण याच साच्याची सेवा निरनिराळ्या नावांनी गावोगावी विकली जाते आणि एकीवर राग काढून बाकीच्यांना मोकळे सोडण्यात काही अर्थ नाही. मुलाच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे, ते संगणकात भरायचे आणि त्यांवरून त्याची जन्मजात बुद्धिमत्ता किती, ती कोणकोणत्या प्रकारची, त्याने अभ्यास कसा करावा आणि मोठेपणी कोणता व्यवसाय धरावा इथपर्यंत सर्व काही सांगायचे, असे या सेवेचे स्वरूप आहे. शुल्क साडेचार हजार रुपये होते आणि अहवाल मराठीत हवा असल्यास पाचशे रुपये अधिक द्यायचे होते. माझी पुतणी सई नऊ वर्षांची आहे. तिच्या आजीलाही वाचता यावा म्हणून वहिनींनी मराठी अहवाल मागवला आणि त्या वरच्या पाचशे रुपयांमुळेच हे परीक्षण लिहिण्याची वेळ माझ्यावर आली, कारण मी पोटासाठी मुद्रिते तपासतो आणि घरात मराठी छापील कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो.

शिबिराच्या दिवशी सई खाली इतर मुलांबरोबर किल्ला करत होती. तिची दहाही बोटे मातीने भरलेली होती आणि बुरूज अर्धा टाकून तिला वर आणल्यामुळे तिचा चेहरा उतरला होता. टेबलावर एक लॅपटॉप, आधार केंद्रात असते तसे ठसे घेण्याचे लहानसे यंत्र आणि ओल्या कागदी रुमालांचे पाकीट होते. तेथील तरुणाने तिची बोटे स्वतः पुसून दिली. प्रत्येक बोटाचा ठसा समोरून, डावीकडून आणि उजवीकडून असा तीनदा, म्हणजे एकूण तीस ठसे घेतले आणि शेवटी तळहातांची छायाचित्रे काढली. त्या छायाचित्रांवरून ‘एटीडी’ नावाचा एक कोन मोजतात आणि त्यावरून मूल किती झटपट शिकते ते कळते, असे त्याने अदबीने सांगितले. हे सगळे अकरा मिनिटांत आटोपले. त्या अकरा मिनिटांत सईला एकही प्रश्न विचारला गेला नाही. नाव आणि जन्मतारीखही वहिनींनाच विचारली. शेजारी बसलेली माझी आई एवढेच म्हणाली, “सईला सहा चक्रं नि चार शंख आहेत. ती पाळण्यात होती तेव्हाच मी मोजलेत, आणि फुकट मोजलेत.”

आठव्या दिवशी बेचाळीस पानांची पीडीएफ आली. रंग प्रसन्न, मुखपृष्ठावर मेंदूचे चित्र आणि त्याच्या दोन्ही अर्धांत निरनिराळे रंग. पहिली सोळा पाने सर्वांना सारखीच असावीत अशी होती. सतराव्या पानावर सईचा विषय सुरू झाला आणि तेथील पहिलेच वाक्य असे होते : ‘आपल्या पाल्याची संगीत गुप्तवार्ता १३.४ टक्के असून ती दुसऱ्या क्रमांकावर आहे.’ मी चष्मा पुसला. पुढे भाषिक गुप्तवार्ता, शारीरिक गुप्तवार्ता, निसर्ग गुप्तवार्ता अशा ओळीने आठ गुप्तवार्ता होत्या आणि त्यानंतर एका चौकटीत ‘भावनिक गुप्तवार्ता मध्यम असल्यामुळे पालकांनी पाल्याशी मोकळेपणाने बोलावे’ असा सल्ला होता. खाली सईचा किल्ला आणि वर तिची गुप्तवार्ता, हा योग पाहून मला बहिर्जी नाईकांची आठवण झाली, तर त्यात माझा दोष नाही.

काय घडले असेल ते या धंद्यातल्या माणसाला लगेच कळते. मूळ अहवाल इंग्रजी असणार आणि तो यंत्राकडून मराठीत उतरवून घेतलेला असणार. इंग्रजीत ‘इंटेलिजन्स’ या एकाच शब्दात अक्कलही आहे आणि बातमीही आहे. त्यातला बातमीचा अर्थ जुना असून सैन्याच्या आणि पोलिसांच्या वापरात तो आजही ठणठणीत टिकून आहे. आपल्याकडे प्रशासनाने त्यासाठी गुप्तवार्ता हा शब्द घडवला, राज्य गुप्तवार्ता विभाग याच नावाने ओळखला जातो आणि दिल्लीच्या खात्याला वर्तमानपत्रे गुप्तचर विभाग म्हणतात. म्हणजे मराठीने ही दोन दालने केव्हाच वेगळी केली आहेत. यंत्राने मुलीला दुसऱ्याच दालनात नेऊन बसवले. अडतिसाव्या पानावर ‘सुयोग्य व्यवसाय’ या मथळ्याखाली गायिका, पत्रकार, वकील आणि गुप्तवार्ता अधिकारी अशी यादी होती. सबंध बेचाळीस पानांत तो शब्द बरोबर जागी बसला होता तो एवढ्या एका ठिकाणी.

मराठी अहवालासाठी वेगळे पैसे घेऊन तो कोणीही एकदासुद्धा वाचून न पाहणे, हा या सेवेचा मला दिसलेला पहिला दोष. पण नुसते हसून सोडून द्यावे इतका तो वरवरचा नव्हता. गुप्तवार्तेच्या जागी मनातल्या मनात ‘बुद्धिमत्ता’ वाचत मी अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि तेव्हा लक्षात आले की, शब्द दुरुस्त केला तरी वाक्यांना अर्थ येत नाही. भाषिक बुद्धिमत्ता, भावनिक बुद्धिमत्ता, बुद्ध्यंक, शिकण्याचा वेग, स्वभावातला ठामपणा या सर्वांना एकच नाव, एकच आलेख आणि एकच टक्केवारी लावलेली होती. या सेवेचे सगळे दुकान एका शब्दाच्या पसरटपणावर चालते, असे माझे मत त्या दुसऱ्या वाचनात झाले आणि ते अजून बदललेले नाही.

घरात कोणी ‘बुद्धिमत्ता’ हा शब्द बोलत नाही. तो कागदावरचा शब्द आहे. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात तो येतो तो शिष्यवृत्ती परीक्षेच्या निमित्ताने, कारण तेथे दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत तो चक्क एक विषय आहे : पन्नास प्रश्न, शंभर गुण. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असे, ती २०१७ मध्ये पाचवी-आठवीला गेली, पण ‘गटात न बसणारे पद ओळखा’ आणि आरशातली प्रतिमा हे दोन्ही तेव्हाही होते आणि आजही आहेत. आमच्या पिढीतल्या कोणालाही ‘बुद्धिमत्ता’ म्हटले की आधी गाइडाचे पान आठवते. “गणित झालं, आता तासभर बुद्धिमत्ता कर,” असे वाक्य आमच्या आईने शेकडो वेळा उच्चारले असेल आणि त्यात तिला काही वावगे वाटले नसेल. म्हणजे या एका अर्थाने बुद्धिमत्ता ही तासभर बसून करायची गोष्ट आहे. अहवाल मात्र तिला जन्मजात म्हणतो.

बुद्धी या शब्दाचे बोलण्यातले वर्तन तर आणखी निराळे आहे. ‘मला काय बुद्धी झाली आणि मी पैसे भरले’, असे वहिनी आजही म्हणतात. येथे बुद्धी म्हणजे क्षमता नव्हे. ती त्या क्षणी मनात आलेली प्रेरणा आहे. म्हणून बुद्धी होते, सुचते, फिरते, भ्रष्ट होते, आणि देवाकडे आपण सुबुद्धी मागतो ती हुशार होण्यासाठी नव्हे, भलतेसलते न करण्यासाठी. अक्कल निराळीच. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की, त्याचा एक कांदा झाला, एक दाढ झाली आणि जमाखर्चात त्याच्या नावाचे एक खातेही उघडले गेले. अक्कल उशिरा येते, ठेच लागल्यावर येते आणि बहुधा पैसे मोजून येते. भावाने या चाचणीचे पाच हजार रुपये घरच्या हिशेबाच्या वहीत ‘अक्कलखाती’ टाकले आहेत आणि त्यासाठी त्याला कोणत्याही अहवालाचा सल्ला घ्यावा लागला नाही.

हुशारीचा तर दुहेरी कारभार आहे. शाळेत हुशार म्हणजे गुण मिळवणारा, परंतु तापातून उठलेल्या माणसाला आपण ‘आज जरा हुशारी दिसते’ म्हणतो, तेव्हा गुणांचा संबंध नसतो. तरतरी एवढाच अर्थ असतो, आणि फारसीतल्या मूळ शब्दातही सावधपणा, शुद्धीवर असणे हाच भाव आहे. शहाणे बाळ म्हणजे त्रास न देणारे बाळ. तोच शहाणा कपाळावर आठी घालून उच्चारला की शिवी होतो, त्याच्यामागे दीड लावला की भांडण होते आणि अति लावला की त्याचा बैल रिकामा राहतो. समज वयाने येते, जाण संगतीने येते, चलाखीवर विश्वास ठेवता येत नाही आणि बेरकी माणसाला कोणी पोरगी देत नाही. या शब्दांपैकी प्रत्येकाला आपली येण्याची वाट आहे, आपले माप आहे, आणि ते माप टक्क्यांत नाही. वहिनींचा मला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न होता : “भाऊजी, ती हुशार आहे की नाही, तेवढं सांगा.” बेचाळीस पानांत हुशार हा शब्द एकदाही आलेला नाही.

आता टक्केवारीचे पाहू, कारण पैसे त्यासाठीच घेतले जातात. अहवालातल्या आठ बुद्धिमत्तांच्या टक्क्यांची मी बेरीज केली, ती बरोबर शंभर आली. म्हणजे हे मोजमाप नसून वाटणी आहे. आठ जणांत सारखी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा येतात. सईची सर्वांत वरची, भाषिक, १४.१ होती आणि सर्वांत खालची, निसर्गविषयक, १०.९ होती. वरच्या आणि खालच्या पायरीत अवघ्या ३.२ टक्क्यांचे अंतर, आणि त्यावर वकिली, पत्रकारिता आणि गाण्याचा क्लास उभा केलेला. शिवाय वाटणीच असल्यामुळे उद्या एखादे मूल सगळ्याच बाबतीत असामान्य निघाले किंवा सगळ्याच बाबतीत त्याला मदतीची गरज असली, तरी दोघांचेही आकडे साडेबाराच्या आसपासच घोटाळणार. ज्या मापाने ही दोन मुले वेगळी ओळखता येत नाहीत, त्या मापाला काय म्हणावे हे वाचकांनी ठरवावे.

निसर्गाच्या १०.९ वर मला थोडे थांबले पाहिजे. सईच्या खोलीत खिडकीपाशी एक जुना बरणीवजा डबा आहे, त्याच्या झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली आहेत आणि आत कढीलिंबाच्या डहाळीवर फुलपाखराच्या अळ्या आहेत. अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवी होते, आणि हिरवी झाल्यावर तिला डिवचले की डोक्यामागून लाल शिंगे बाहेर काढून घाण वास सोडते, हे तिने मला स्वतः दाखवले आहे. कोणत्या तारखेला कोष झाला आणि कितव्या दिवशी फुलपाखरू बाहेर आले, याची तिची वही आहे. गाण्याच्या बाबतीत मात्र ती आमच्या घराण्याची परंपरा चालवते, म्हणजे आरतीतसुद्धा तिचा सूर टाळाला सोडून जातो. तिला अहवालाने गायिका व्हायला सांगितले आहे.

हा मुद्दा मी शुल्कात समाविष्ट असलेल्या अर्ध्या तासाच्या समुपदेशनात मांडला. समुपदेशक बाई बोलायला गोड होत्या. त्यांचे उत्तर असे की, अहवाल जन्मजात क्षमता सांगतो, आज दिसते ती विकसित क्षमता असते, आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर याचा अर्थ जन्मजात क्षमता सुप्त राहिली आहे. जुळल्या तर अहवाल खरा, न जुळल्या तर संस्कार अपुरे. या उत्तराला हरवता येत नाही, म्हणूनच ते कामाचे नाही. त्या सुप्त क्षमतेला जागे करण्यासाठी संस्थेचाच सहा महिन्यांचा एक वर्गही होता, त्याचे शुल्क मी विचारले नाही.

या सगळ्याच्या मुळाशी काहीच नाही असेही नाही, आणि जाहिरातपत्रक नेमके त्या थोड्याशा खऱ्यावर उभे राहते. बोटांवरच्या रेषा गर्भातच तयार होतात आणि जन्मभर बदलत नाहीत, हे खरे. या रेषांच्या अभ्यासाला अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ हॅरॉल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ हे नाव दिले, हेही खरे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातावरील रेषांत काही विशेष ठेवण अधिक वेळा आढळते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. पण तेथून सईच्या भाषिक बुद्धिमत्तेपर्यंत जाणारा पूल कोणी बांधलेला नाही, आणि इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. ठशांनी माणूस कोण हे कळते, तो कसा आहे हे कळत नाही. पहिल्या कामासाठी १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचे कार्यालय निघाले आणि ते जगातले पहिले मानले जाते. दुसऱ्या कामासाठी सोसायटीची सभागृहे आहेत.

पत्रकावर दुसरे नाव हॉवर्ड गार्डनर यांचे होते. हार्वर्डच्या या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये बुद्धिमत्ता एक नसून अनेक असतात अशी मांडणी केली, तेव्हा त्यांनी सात प्रकार सांगितले होते आणि निसर्गविषयक हा आठवा नंतर जोडला. या मांडणीवर मानसशास्त्रज्ञांत बरेच आक्षेप आहेत, शिक्षकांत मात्र ती लोकप्रिय आहे. परंतु तिच्यात बोटांचा संबंध कोठेही येत नाही. एकाच्या सिद्धान्तातले आठ प्रकार आणि दुसऱ्याच्या शास्त्रातली दहा बोटे घेऊन त्यांचे लग्न लावून देणे, हे या सेवेचे खास कर्तृत्व म्हणावे लागेल.

अनेक प्रकारचे शहाणपण असते ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही, तसा तो तिला आकडा लावायलाही कचरलेला नाही. पेशवाईतले साडेतीन शहाणे आपल्याला ठाऊक असतात : पेशव्यांचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचा विठ्ठल सुंदर, आणि अर्धे नाना फडणवीस. नानांना अर्धे का, तर मुत्सद्देगिरीत ते कोणाला हार जाणारे नव्हते पण तलवार त्यांची नव्हती, असे परंपरा सांगते. हे मोजमाप मला त्या रंगीत आलेखापेक्षा प्रामाणिक वाटते, कारण त्यात निदान माणसांनी आयुष्यात काय केले ते पाहून मग आकडा लावलेला आहे.

अहवालातले सर्वांत धाडसी पान तेविसावे. त्यावर ‘आयक्यू’, ‘ईक्यू’, ‘एक्यू’ आणि ‘सीक्यू’ असे चार खांब उभे होते आणि आयक्यूच्या, म्हणजे बुद्ध्यंकाच्या, खांबावर २६.८ टक्के लिहिले होते. वहिनी ते वाचून घाबरल्या, कारण त्यांनी ते शंभरपैकी गुण समजून वाचले. खरे तर बुद्ध्यंक टक्क्यांत नसतोच. पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने आणि थेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली चाचणी केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या आणि वेगळ्या मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखण्यासाठी. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली आणि लुईस टर्मन यांनी बिने यांच्या चाचणीच्या १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत त्या भागाकाराला शंभरने गुणले, तेथून तो आकडा लोकांच्या तोंडी बसला. आजच्या चाचण्यांत हा भागाकारही उरलेला नाही; त्याच वयाच्या मुलांच्या सरासरीला शंभर मानायचे आणि आपले मूल त्यापासून किती दूर आहे ते सांगायचे, इतकीच त्याची रीत आहे. मराठी मुलांपर्यंत हे काम आले ते फार पूर्वी. १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बिने यांची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, ती बिने-कामत म्हणून आजही वापरात आहे. आणि नागपूरला डॉ. ए. जे. मॅलिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप सिद्ध केले. यांपैकी कोणत्याही चाचणीत मुलाला प्रश्न विचारल्यावाचून आकडा निघत नाही. सईचा आयक्यू तिने तोंड न उघडता निघाला होता.

तुलना करता यावी म्हणून, आणि खरे सांगायचे तर वहिनींची झोप परत आणण्यासाठी, आम्ही महिनाभराने सईला एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे नेले. या दुसऱ्या सेवेविषयी थोडक्यात लिहितो, कारण चांगल्या सेवेत सांगण्यासारखे कमी असते. वेळ मिळायला तीन आठवडे लागले. आधी वहिनी-भावाशी पाऊण तास बोलणे झाले आणि त्यातला पहिला प्रश्न “चाचणी कशासाठी करायची आहे?” हा होता, त्याचे समाधानकारक उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही. मग सई एकटी दोन तास आत होती. बाहेर आल्यावर तिने सांगितले की, लाल-पांढरे ठोकळे जुळवून नक्षी करायची होती, आकडे ऐकून उलटे म्हणायचे होते, चित्रात काय राहिले आहे ते ओळखायचे होते, आणि “रस्त्यात कोणाचं पाकीट सापडलं तर काय करशील असलंही काहीतरी विचारलं.” या सगळ्यात तिला मजा आली होती. किल्ल्यावरून उठवून आणल्याचा राग या वेळी नव्हता.

अहवाल चार पानांचा होता आणि रंगीत नव्हता. त्यात एक आकडा होता, त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना किती फरक धरावा ते लिहिले होते, कोणत्या उपचाचण्यांत ती पुढे आहे आणि कोठे घाई करते ते होते, आणि शेवटी एक वाक्य होते की, हा निष्कर्ष आजच्या दिवसापुरता असून व्यवसायनिवडीसाठी त्याचा उपयोग करू नये. मानसशास्त्रज्ञ बाईंनी आकडा सांगताना आवाज चढवला नाही की उतरवला नाही. या सेवेलाही उणिवा आहेत, त्या झाकण्याचे कारण नाही. शुल्क पहिल्या सेवेच्या जवळपास दुप्पट होते. चाचणी जुनी आहे, आणि तिचे सरासरीचे निकष ज्या मुलांवरून ठरले ती मुले आज आजी-आजोबा झाली असतील. हे त्यांनी आपणहून सांगितले, हा भाग वेगळा. अहवाल इंग्रजीत होता. मराठीत मिळेल का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही बसा, मी वाचून दाखवते,” आणि त्यांनी आईला समोर बसवून चारही पाने मराठीत समजावून सांगितली. त्या बोलण्यात ‘बुद्धिमत्ता’ हा शब्द मला फक्त एकदा ऐकू आला; बाकी सगळीकडे समज, लक्ष, आठवण, उकल असे साधे शब्द होते, आणि वहिनींचा जुना प्रश्न त्यांनी विचारण्याआधीच त्यांना उत्तर मिळाले. हुशार आहे, घाई करते, अळ्यांची वही चालू राहू दे.

पहिल्या संस्थेला मी पाचापैकी एक तारा देतो, आणि तो बोटे पुसून देणाऱ्या तरुणाचा आहे. ज्यांना केवळ गंमत म्हणून ठसे घ्यायचे असतील त्यांनी घ्यावेत, मात्र त्यावर मुलाचा वर्ग बदलणे, गाण्याचा क्लास लावणे किंवा, त्याहून वाईट, चालू असलेला क्लास बंद करणे, असे काही करू नये. मराठी अहवालाचे पाचशे रुपये तर कोणीही देऊ नयेत.

त्या पाचशे रुपयांच्या परताव्यासाठी मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिले, त्यात गुप्तवार्तेचा घोटाळा पानांच्या क्रमांकांसह कळवला आणि योग्य शब्द बुद्धिमत्ता असा आहे, हेही लिहिले. परतावा मिळाला नाही. उत्तर मात्र दोन दिवसांत आले, त्यात आभार होते, आमच्या पुढील सर्व अहवालांचे शुद्धलेखन आपण विनामूल्य पाहून द्याल का अशी विचारणा होती आणि सोबत सईचा सुधारित अहवाल जोडलेला होता. तो मी उघडला. सतराव्या पानावर संगीत बुद्धिमत्ता झाली होती, भावनिक बुद्धिमत्ता झाली होती, एकाही ठिकाणी गुप्तवार्ता उरली नव्हती. अडतिसाव्या पानावर सुयोग्य व्यवसायांच्या यादीत गायिका, पत्रकार आणि वकील जागच्या जागी होते आणि त्यांच्याखाली लिहिले होते : बुद्धिमत्ता अधिकारी.